इअरफोनचा बेस कधी असतो, कधी नसतो: दोष फिटिंगचा की इअरफोनचा?

नवीन इन-इअर घेतले, कानात घातले आणि बेस गायब. तेच मित्राच्या कानात दणदणीत वाजतात. दुसऱ्या दिवशी आपल्यालाही बरे वाटतात, तिसऱ्या दिवशी पुन्हा किनरे. किंवा डावीकडून कमी, उजवीकडून जास्त. मग लोक इक्वलायझर फिरवतात, केबल बदलतात, शेवटी इअरफोनच बदलतात, आणि नव्या जोडीतही तेच रडगाणं सुरू होतं. कारण बहुतेक वेळा बिघाड टिप (इअरफोनच्या टोकाचं रबर किंवा फोम) आणि कान यांच्यामधल्या फटीत असतो. म्हणून आधी फिटिंग, मग टोकावरची जाळी, मग केबल, आणि ट्यूनिंगला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या आवाजाच्या ढंगाला, नावं ठेवायची ती सगळ्यात शेवटी, असा क्रम धरावा.

(रबर नसलेले, कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे इअरफोन इथे धरलेले नाहीत. त्यांची रचनाच हवा सुटते असं धरून केलेली असते.)

बेस जातो कुठे

इन-इअरमधला डायनॅमिक ड्रायव्हर (हलत्या पडद्याचा छोटा स्पीकर) साधारण ६ ते १० मिमीचा. एवढ्याशा पडद्याने खालचे सूर ऐकवायचे तर त्याच्यापुढची हवा कोंडलेली हवी. टिप घट्ट बसली की कानाच्या पडद्यापर्यंत जेमतेम एक-दोन घन सेंटिमीटर हवा उरते आणि ड्रायव्हर हलला की तिचा दाब लगेच वर-खाली होतो. बाजूने फट राहिली तर सावकाश बदलणारा दाब त्या फटीतून निसटतो. वरचे सूर इतक्या भराभर बदलतात की त्यांना निसटायला वेळच मिळत नाही. त्यामुळे फटीने सगळा आवाज सारखा कमी होत नाही. साधारण २०० हर्ट्झच्या खालचा भाग घसरतो आणि झांजा, 'स', 'श' जिथल्या तिथे राहतात. फट मोठी असेल तर घसरण आणखी वरूनच सुरू होते. ऐकणारा म्हणतो, 'ट्रेबल फार टोचतो'. ट्रेबल तेवढाच असतो, खालचा आधार गेलेला असतो.

नॉइज कॅन्सलेशनचे बड्स असतील तर फट दुहेरी नडते. बाहेरचा घुमणारा आवाज आत येतो आणि तो मारणारी यंत्रणाही मुख्यतः त्याच खालच्या पट्टीत काम करते. काही बड्समध्ये आतल्या बाजूला मायक्रोफोन असतो आणि बेस कमी पडला की तो भरून काढला जातो. अशा जोडीत बेसवरून फिटिंग ओळखू नका. बेस ठीक आणि पंख्याची घरघर मात्र एका बाजूने जास्त, असं असेल तर त्या बाजूला फट आहे.

तपासणी

सगळे बूस्ट, डॉल्बी, इक्वलायझर बंद करा. फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही मोफत अ‍ॅप घ्या आणि आवाज कमी ठेवून ५० हर्ट्झचा सलग टोन लावा. आता इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. टोन एकदम भरीव झाला आणि बोट काढताच विरला, तर फट आहे. दाबल्याने जवळजवळ काहीच बदललं नाही तर त्या कानापुरतं फिटिंग बरोबर आहे. ५० हर्ट्झची तुलना १००० हर्ट्झशी करू नका. कमी आवाजात माणसाचा कान मुळातच खालच्या सुरांना बहिरा असतो, त्यामुळे ५० हर्ट्झ नेहमीच बारीक वाटणार. तुलना करायची ती दाबलेल्या आणि न दाबलेल्या ५० हर्ट्झची.

दोन्ही कानांत फरक आहे का हे कळायला ३० ते ३०० हर्ट्झचा सावकाश चढणारा मोनो (दोन्ही बाजूंना एकसारखा) स्वीप वाजवा आणि डोळे मिटून तो डोक्यात कुठे ऐकू येतो ते पाहा. तो सतत मध्यभागी राहायला हवा. १५० हर्ट्झच्या वर मध्यभागी आणि त्याखाली उजवीकडे सरकत असेल तर फट डाव्या कानात आहे. सगळ्याच पट्टीत एका बाजूला असेल तर प्रकरण वेगळं, ते पुढे येतंच.

तिसरी तपासणी जबड्याची. टोन चालू ठेवून तोंड मोठं उघडा, हसा, चावल्यासारखं करा. जबड्याचा सांधा कर्णनलिकेला अगदी लागून असतो, तोंड उघडलं की नलिकेचा आकार बदलतो. गप्प बसून ऐकताना उत्तम आणि कॉलवर बोलता बोलता पातळ होणारे इअरफोन या तपासणीत लगेच सापडतात.

आयफोनला जोडलेल्या एअरपॉड्स प्रोसाठी ब्लूटूथ सेटिंगमध्ये इअर टिप फिट टेस्ट आहे, सॅमसंग आणि गूगलच्या काही बड्सच्या अ‍ॅपमध्येही तशी सोय आहे. प्रत्येक कानाचा निकाल वेगळा मिळतो. वापरा, पण एकदा नाही, बड काढून परत घालून दोन-तीनदा. दर वेळी निकाल बदलत असेल तर टिप त्या कानाची नव्हे.

टोन ऐकायचा कंटाळा असेल तर तबल्याचं चांगलं रेकॉर्डिंग पुरेसं आहे, मात्र काय ऐकायचं ते ठाऊक हवं. 'धा' म्हणजे डाव्या हाताचा 'गे' आणि उजव्या हाताचा 'ना' एकत्र. डग्ग्याचा घुमारा १०० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असतो. फट असली की 'गे' निघून जातो आणि 'धा'चा 'ना' होतो. विलंबित नको, मध्य लयीतला साधा तीनताल घ्या. प्रचलित ठेक्यात १० ते १३ या मात्रांना, म्हणजे 'तिं तिं ता ता'ला, डग्गा घुमत नाही. सील (टिप आणि कान यांच्यातला हवाबंद जोड) बरोबर असेल तर त्या चार मात्रा पोकळ आणि १४व्या मात्रेला भराव परत आला, हे न मोजताही कळतं. सगळी आवर्तनं सपाट, खाली-भरी ओळखू येत नाही, असं झालं तर टिप बदला.

तानपुरा मात्र बेस तपासायला घेऊ नका. काळी एकचा खर्ज ६९ हर्ट्झच्या जवळ असला तरी त्या तारेची मूळ कंपनं दुबळी आणि वरचे स्वरांश भरपूर असतात. खालचा भाग पूर्ण गेला तरी कान त्या स्वरांशांवरून खर्ज जोडून घेतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. जवारी, म्हणजे तारेची झणझण, कशी ऐकू येते ते पाहायला मात्र तानपुऱ्यासारखं दुसरं काही नाही, त्याचा उपयोग पुढे आहे.

टिप निवडताना

बेस नाही म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो मोठी टिप लावण्याचा. निम्म्या वेळा हा सल्ला उलटा पडतो. फार मोठी सिलिकॉन टिप नलिकेत शिरतच नाही, तोंडाशीच तिला सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतून हवा जाते. ओळखायचं कसं? इअरफोन घातल्यावर पाच-दहा मिनिटांत आपोआप बाहेर सरकतो, कानाच्या तोंडाशी दुखतं, आणि टिप काढून पाहिली तर एका कडेला घडी दिसते: टिप मोठी आहे. इअरफोन सहज आत जातो, ओढताना कसलाही विरोध होत नाही, इअरफोनचं शरीर कानाच्या वाटीत टेकेपर्यंत जातं आणि तरी बेस नाही: टिप लहान आहे. बरोबर बसलेली टिप बाहेर काढताना किंचित ओढ लागते.

दोन कान सारखे नसतात. एकात मध्यम आणि दुसऱ्यात मोठी टिप लावायला काहीही हरकत नाही, लोक उगाच जोडी जमवत बसतात.

घालण्याची पद्धत अशी. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा. मोठ्या माणसाची कर्णनलिका साधारण २५ मिमी लांब आणि वळणदार असते, पाळी ओढल्याने तिचं बाहेरचं वळण सरळ होतं. त्या स्थितीत इअरफोन थोडा पिळत आत न्या, मग पाळी सोडा. सील पाळी सोडल्यावर बनतं. नुसता समोरून दाबला तर टिप नलिकेच्या भिंतीवर आपटते आणि तिथेच दुमडते.

फोमची टिप बोटांत लाटून पूर्ण बारीक करा, लगेच घाला आणि फुगेपर्यंत १५ ते ३० सेकंद बोट लावून धरा. फोम न दाबता घालणं म्हणजे पैसे वाया. दोन-तीन महिन्यांच्या रोजच्या वापरात फोम तेलकट होऊन फुगणं सोडतो, तेव्हा टिप बदलायची असते. त्याला स्पिरिट लावू नका. वाकड्या, अंडाकृती नलिकांना आणि जबड्याच्या तपासणीत नापास झालेल्यांना फोम सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. ट्रेबल थोडा मवाळ होतो, तो कुणाला आवडतो, कुणाला नाही.

वेगळ्या टिपा मागवण्याआधी नॉझलची, म्हणजे टिप जिच्यावर बसते त्या नळीची, जाडी मोजा. शुअर, वेस्टोन, एटिमोटिक या कंपन्यांचं नॉझल बारीक, सुमारे ३ मिमी. बहुतेक चिनी इन-इअरचं ५ ते ६ मिमी. जाड नॉझलची टिप बारीकवर सैल बसते, आणि मग इअरफोन ओढला की टिप कानातच राहते. तसं झालं तर चिमट्याने आत ढकलत बसू नका. कड दिसत असेल तरच बोटाने काढा, नाहीतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

इअरफोनचं शरीरच मोठं असेल तर कुठलीही टिप चालणार नाही असं वाटतं, कारण शरीर कानाच्या वाटीला अडतं आणि नॉझल आत पोहोचत नाही. तिथे व्यास न वाढवता लांब देठाची टिप लावावी. याच्या उलट टोकाला एटिमोटिकची तीन छत्र्यांची टिप आहे. १९९१ मध्ये आलेल्या ईआर-४ या इअरफोनपासून ती चालत आली आहे आणि ती नलिकेत इतकी खोल जाते की पहिल्यांदा घालणारा दचकतो. बाहेरचा आवाज ती उत्तम अडवते. तिच्यात बेस नाही म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती अर्धीच घातलेली असते.

एकाच बाजूला कमी आवाज

इथे अंदाज बांधू नका, अदलाबदल करा. केबल सुटी होणारी असेल तर डाव्या-उजव्या बाजू केबलवर बदला. त्याने काही फिरलं नाही किंवा केबल सुटी होत नसेल, तर इअरफोनच उलटे धरून क्षणभर ऐका, आकार बसला नाही तरी हाताने दाबून धरा. कमी आवाज इअरफोनबरोबर फिरला तर जाळी किंवा ड्रायव्हर (केबल सुटी होत नसेल तर कदाचित केबलही). केबलबरोबर फिरला तर केबल. कुठेही न फिरता त्याच कानाशी राहिला तर फिटिंग किंवा कानातला मळ. आणि हे सगळं करण्याआधी फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीमधला डावा-उजवा बॅलन्स मध्यावर आहे ना, मोनो ऑडिओ चालू नाही ना, ते पाहून घ्या. खिशात राहून हा स्लायडर सरकल्याची उदाहरणं कमी नाहीत.

जाळी मळाने बुजली असेल तर मोबाइलच्या टॉर्चखाली तिरपं धरून पाहिल्यावर पिवळसर चकाकी दिसते. टिप काढा, नॉझल जमिनीकडे तोंड करून धरा आणि कोरड्या मऊ टूथब्रशने खालून वर झटका, म्हणजे मळ बाहेर पडेल, आत जाणार नाही. मग भिंतीवर कागद चिकटवायच्या पुटीचा गोळा जाळीवर दाबून उचला, राहिलेला मळ त्याला चिकटून येतो. टाचणी घालू नका, फुंकर मारू नका, व्हॅक्यूम लावू नका. फारच चिकट असेल तर कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम ओलं लावून जाळी टिपा, तेही तोंड खाली ठेवून. सिलिकॉनच्या टिपा कोमट साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवा. पावसाळ्यात आणि घाम येणाऱ्यांना जाळीवर ओलाव्याचा पडदा धरल्यानेही आवाज निम्मा होतो. सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डबीत रात्रभर ठेवले की बहुतेक वेळा परत येतो. हेअर ड्रायर नको.

घालताना कागद चुरगळल्यासारखा 'चुर्र' आवाज येतो आणि त्यानंतर ती बाजू मंद होते? कोंडलेल्या हवेने ड्रायव्हरचा पडदा तात्पुरता आत दबतो. इअरफोन सावकाश काढा, पडदा बहुधा सरळ होतो. घालताना पाळी ओढून धरली की दाब बाजूने निघून जातो आणि हा आवाज येतच नाही. इअरफोनच्या शरीरावर टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं ते हवेसाठी. ते त्वचेने किंवा धुळीने बुजलं की त्या बाजूचा बेस बदलतो. बऱ्याच जणांना ते भोक मायक्रोफोनचं वाटतं.

सील पक्कं, तरी बेस नाही

हा प्रकार क्वचित, पण डोकं खातो. दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐकल्या तर उत्तम, एकत्र ऐकल्या की बेस पोकळ आणि गायकाचा आवाज मध्यभागी न राहता डोक्याभोवती पसरलेला. ०.७८ मिमीच्या दोन पिनांची केबल असेल तर एका बाजूचा प्लग उलटा लागला आहे. एक ड्रायव्हर पुढे जातो तेव्हा दुसरा मागे, आणि खालचे सूर विस्कटतात. एका बाजूचा प्लग काढून १८० अंशांत फिरवून लावा, मोनो टोन लगेच मध्यभागी येईल. कानामागून जाणाऱ्या वाकड्या केबलमध्ये उलटा लावला तर वळणच चुकीच्या दिशेला जातं, म्हणून ही चूक सरळ पिनांच्या केबलमध्ये जास्त होते. एमएमसीएक्समध्ये, म्हणजे गोल, फिरणाऱ्या जोडात, असा उलटा जोड शक्य नाही. तिथे सांधा सैल होऊन फिरवताना खरखर येते.

जुन्या लॅपटॉपच्या जॅकवर वेगळा आणि फोनच्या डोंगलवर वेगळा आवाज येत असेल तर आउटपुट इम्पिडन्स (जॅकच्या बाजूचा विजेला होणारा अडथळा, ओममध्ये) बघा. इअरफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागाहून तो कमी असावा, हा हिशेब पुरतो: १६ ओमच्या इअरफोनला २ ओमपर्यंत. अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (दुसऱ्या प्रकारचे बारीक ड्रायव्हर) असलेल्या जोड्यांचं इम्पिडन्स पट्टीनुसार बदलत जातं, त्यांच्यात हा फरक लगेच जाणवतो.

दोन जोड्यांची तुलना करताना

दोन्हीकडे सील सारखं झाल्याची खात्री ५० हर्ट्झवर आधी करा, नाहीतर तुम्ही टिपांची तुलना करत आहात. मग आवाजाची पातळी जुळवा. एकाच व्हॉल्यूमवर १६ ओमचा इअरफोन त्याच संवेदनशीलतेच्या, म्हणजे मिलिवॅटमागे तेवढेच डेसिबल देणाऱ्या, ३२ ओमच्या इअरफोनपेक्षा ३ डेसिबल मोठा वाजतो. आणि एखाद डेसिबलने मोठा वाजणारा इअरफोन 'जास्त डिटेल्ड' वाटतो, हे जाणकारांच्या बाबतीतही घडतं. ५०० हर्ट्झच्या टोनवर पटापट अदलाबदल करत पातळी जुळवा. त्यासाठी ३००० हर्ट्झ घेऊ नका, तिथे प्रत्येक कंपनीचं ट्यूनिंग वेगळं असतं.

ट्रेबलबद्दल मत देण्याआधी इअरफोन किती खोल आहे ते लक्षात घ्या. टिपेच्या टोकापासून कानाच्या पडद्यापर्यंतच्या हवेच्या खांबाचा स्वतःचा एक उंचवटा असतो. अंतर २० मिमी असेल तर तो ८५०० ते ९००० हर्ट्झच्या आसपास येतो, १५ मिमी केलं तर ११०००च्या वर जातो. म्हणून तोच इअरफोन वरवर बसवला तर 'स' फुसफुसतो आणि खोल नेला की शांत होतो. तानपुऱ्याची जवारी लावून इअरफोन मिलिमीटर-मिलिमीटर आत न्या, झणझण कशी सरकते ते ऐका. ज्या खोलीवर ती एका जागी टोचत नाही ती तुमची खोली, आणि दोन्ही जोड्या तिथे बसवून मगच तुलना करा. एखादी जोडी तिथवर जातच नसेल तर तो तिच्या फिटिंगचा निकाल समजा.

स्वतःचा आवाज आणि चावणं डोक्यात घुमणं हा सीलचाच दुसरा परिणाम. नलिकेचा बाहेरचा भाग कूर्चेचा, आतला हाडाचा. कूर्चेच्या भागात कोंडलेला आवाज सगळ्यात जास्त घुमतो. टिप आणखी खोल गेली की तो कमी होतो. हा त्रास फट ठेवून सोडवू नका.

ब्लूटूथबाबत थोडक्यात. गाणं छान आणि कॉल किंवा मीटिंग सुरू होताच सगळं बोदं, पातळ, तर फिटिंग निर्दोष आहे. मायक्रोफोन चालू होताच जोडणी कॉलच्या मोडमध्ये जाते आणि आवाजाची पट्टी आखडते. लॅपटॉपवर मायक्रोफोन लॅपटॉपचाच निवडा, बड्स फक्त ऐकण्यासाठी ठेवा.

लोकलमध्ये बेस कमी वाटतो तो गाडीच्या धडधडीखाली दबतो म्हणून. तिथे व्हॉल्यूम चढवण्यापेक्षा फोम लावा. ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि चढवलेल्या व्हॉल्यूमला ती लवकर संपते. फलाटावर आणि रूळ ओलांडताना मात्र दोन्ही काढा, कारण चांगलं सील हॉर्नही अडवतं.

ओल्या कानात इअरफोन घालू नका. पावसाळ्यात कानात बुरशी धरण्याची तक्रार त्यातूनच वाढते. खाज, स्राव किंवा ठणका असेल तर टिपा बदलत न बसता कान दाखवा. मळ काढायला कापसाच्या काड्या वापरल्या तर तो आत ढकलला जातो आणि 'इअरफोन मंद झाला' ही तक्रार तिथूनच सुरू होते.

सगळ्या टिपा लावून पाहूनही एका कानात सील टिकत नसेल तर ऑडिओलॉजिस्टकडे कानाचा साचा घेऊन खास मोल्ड करून घेता येतो. श्रवणयंत्रं बसवणाऱ्यांकडे साचा घेण्याची सोय बहुतेक मोठ्या शहरांत असते. साचा घेताना तोंड थोडं उघडं ठेवून, दातांत ठोकळा धरून घ्यायला सांगा. तोंड मिटून घेतलेल्या साच्याचा मोल्ड शांत बसल्यावर घट्ट असतो, पण बोलायला किंवा गायला लागलं की सुटतो.